मुलगा कॉलेज सोडून कामाला लागला तर आईचं युनिव्हर्सल क्रेडिट किती कमी होतं?

ताई, तुमचा प्रश्न वाचला. मला समजलं ते आधी थोडक्यात लिहिते, काही चुकलं असेल तर सांगा, कारण एक गोष्ट इकडची तिकडे झाली की पुढचं सगळं गणित बदलतं. तुम्ही इंग्लंडात लेस्टरजवळ राहता, नवऱ्यापासून वेगळ्या, घर हाउसिंग असोसिएशनचं (कमी भाड्याने घरं देणारी संस्था) तीन बेडरूमचं, भाडं महिन्याला ५२० पाउंड. केअर होममध्ये पार्टटाइम काम, महिन्याला साधारण १००० हातात, बाकी युनिव्हर्सल क्रेडिट (कमी उत्पन्नाच्या घरांना मिळणारी सरकारी मदत). मुलगा नोव्हेंबरात १८ पूर्ण झाला, लेव्हल ३ च्या (साधारण बारावीच्या पातळीच्या) कोर्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे, आणि आता म्हणतोय की पुरे झालं, कॉलेज सोडतो आणि वेअरहाऊसमध्ये फुलटाइम लागतो. मुलगी १४ ची. नात्यातल्या कुणी सांगितलं की मुलाचा पगार तुमच्या क्लेममध्ये धरतील, भाडं बंद होईल, तेव्हा त्याला कागदोपत्री मामाच्या पत्त्यावर दाखवा. आणि तुमचा प्रश्न असा की नेमकं काय काय बंद होईल आणि त्याला जूनपर्यंत तरी कॉलेजात थांबायला लावू का, आणि शेवटी ॲप्रेंटिसशिपचं (पगारी नोकरीतून धंदा शिकण्याचं) काय.

मी इथे मिडलंड्समध्ये बेनिफिटच्या सल्ल्याचं काम बरीच वर्षं करते आणि आपल्या घरांमधून हा प्रश्न दरवर्षी दोन वेळा हमखास येतो, एकदा जानेवारी-फेब्रुवारीत जेव्हा पोरांना कॉलेजचा कंटाळा येतो आणि एकदा ऑगस्टच्या शेवटी रिझल्ट लागल्यावर. आकडे खाली देतेय ते २०२५-२६ या आर्थिक वर्षाचे आहेत, दर एप्रिलला बदलतात, तेव्हा तुमच्या हिशेबात त्या त्या वर्षाचा दर घाला. रीत तीच राहते. आणि तुम्हाला आयएलआर (कायमचं राहण्याचा परवाना) आहे म्हणून हे सगळं लागू होतं, व्हिसावर "नो रीकोर्स टू पब्लिक फंड्स" (सरकारी मदत घेता येणार नाही) असणारं कुणी हे वाचत असेल तर त्यांनी चाइल्ड बेनिफिट (मुलांसाठीचा सरकारी भत्ता) किंवा युनिव्हर्सल क्रेडिटचा अर्ज करण्याआधी इमिग्रेशनवाल्याला विचारायचं, कारण दोन्ही पब्लिक फंड्समध्ये मोडतात.

आधी ती मोठी भीती काढून टाकूया. मुलाचा पगार तुमच्या युनिव्हर्सल क्रेडिटमध्ये धरला जात नाही. एक पाउंडही नाही. तुमच्या क्लेममध्ये उत्पन्न तुमचं (आणि जोडीदार असेल तर त्याचं) बघतात. मोठा मुलगा घरात राहून १४०० कमवतो की ४०००, त्याच्याशी डीडब्ल्यूपीला (युनिव्हर्सल क्रेडिट देणाऱ्या सरकारी खात्याला) देणंघेणं नाही. तो तुम्हाला घरखर्चाला पैसे देतो तेही तुमचं उत्पन्न म्हणून धरत नाहीत. मोठ्या मुलामुळे भाड्यातून काही कापतात का, तर हो, पण वयाच्या २१ पासून, आणि तेही ठरलेली रक्कम, २०२५-२६ ला महिन्याला ९३.०२ पाउंड, मग तो कितीही कमवू दे. तुमचा १८ चा आहे, म्हणजे अजून जवळजवळ तीन वर्षं हा विषयच नाही.

आता मामाचा पत्ता. कृपा करून हे करू नका. खोटा पत्ता म्हणजे फसवणूक हा भाग आहेच, पण गंमत अशी की हे करून तुम्ही स्वतःचंच नुकसान कराल. तीन बेडरूमच्या घरात तुम्हाला एक, मुलाला एक आणि मुलीला एक अशा तीन खोल्या नियमाने लागतात, मुलगा मोठा झाला तरी तो घरात राहतो तोवर त्याची खोली मोजतात. तो कागदावर बाहेर गेला की एक खोली जास्तीची ठरते, आणि हाउसिंग असोसिएशनच्या घराला जास्तीच्या एका खोलीसाठी भाड्याच्या १४ टक्के कापतात. ५२० चे १४ टक्के म्हणजे ७२.८० पाउंड दर महिन्याला. म्हणजे जिथे आज काहीच कापलं जाणार नव्हतं तिथे तुम्ही स्वतःहून बहात्तर पाउंड घालवून बसाल आणि वर चौकशीची टांगती तलवार. ज्यांनी सल्ला दिला त्यांनी कदाचित जुन्या हाउसिंग बेनिफिटच्या काळातलं ऐकलं असेल, तेव्हा मुलांच्या पगाराप्रमाणे कपात चढायची. युनिव्हर्सल क्रेडिटमध्ये तसं नाही.

मग खरं काय जातं? इथे थोडं सावकाश वाचा, कारण कॅल्क्युलेटरवर लोक चुकीचा आकडा बघतात आणि पोटात गोळा येतो.

तुमच्या युनिव्हर्सल क्रेडिटचा हिशेब २०२५-२६ च्या दराने असा होतो. तुमचा स्टँडर्ड अलाउन्स (तुमचा स्वतःचा मूळ भाग) ४००.१४, पहिल्या मुलाचा भाग ३३९, दुसऱ्याचा २९२.८१, भाडं ५२०. बेरीज १५५१.९५. तुमच्या पगारातले पहिले ४११ पाउंड सोडून देतात (त्याला वर्क अलाउन्स म्हणतात), राहिले ५८९, त्याचे ५५ टक्के म्हणजे ३२३.९५ वजा. हातात येतात १२२८ पाउंड. तुमच्या स्टेटमेंटवर याच्या आसपास आकडा असेल, ॲडव्हान्स वगैरे काही कापत असतील तर कमी.

मुलगा कॉलेजातून बाहेर पडला की तो क्लेममधून जातो. आता तो पहिला मुलगा, म्हणून सगळे ३३९ चा आकडा धरतात. पण तो वरचा दर एका मुलासाठी मिळतो, ६ एप्रिल २०१७ च्या आधी जन्मलेलं एक मूल क्लेममध्ये असलं की झालं. मुलगा गेला की मुलगी त्या जागी येते आणि तिला ३३९ लागतात. म्हणजे खरं नुकसान २९२.८१ चं, हातात येतील ९३५.१९.

चाइल्ड बेनिफिटचंही तसंच. २०२५-२६ ला मोठ्याचे आठवड्याला २६.०५ आणि धाकटीचे १७.२५ मिळतात. मोठा गेला की धाकटी २६.०५ वर सरकते, म्हणजे जातात ते १७.२५, महिन्याला साधारण ७४.७५.

तिसरी गोष्ट काउन्सिल टॅक्स (इथली घरपट्टी), आणि ही कुणीच सांगत नाही. तुम्ही घरात एकट्या मोठ्या म्हणून २५ टक्के सूट घेत असणार. मुलगा १८ चा झाला तरी ती सूट टिकली, कारण तो फुलटाइम शिकतोय आणि त्याचा चाइल्ड बेनिफिट चालू आहे. ते थांबलं की काउन्सिलच्या हिशेबाने घरात दोन मोठी माणसं, सूट गेली. वर्षाचं बिल १६०० धरलं तर ४०० पाउंड, महिन्याला ३३ च्या पुढे. याशिवाय तुम्हाला कमी उत्पन्नाची काउन्सिल टॅक्स सवलत मिळत असेल तर तिथे १८ च्या पुढच्या मुलासाठी कपात असू शकते, आणि इंग्लंडात ही योजना प्रत्येक काउन्सिलची वेगळी असते, तेव्हा तिथे मात्र फोन करून विचारायलाच लागेल. युनिव्हर्सल क्रेडिट म्हणतं २१ आणि काउन्सिल म्हणतं १८, हा गोंधळ लक्षात ठेवा.

तर २९२.८१, ७४.७५ आणि ३३.३३, मिळून महिन्याला साधारण ४०० पाउंड. सवलतीतली कपात असली तर थोडं जास्त. मुलाचे वडील चाइल्ड मेंटेनन्स सर्व्हिसमार्फत पैसे देत असतील तर तेही बघा, कारण तिथेही मूल म्हणून मोजणं चाइल्ड बेनिफिटच्याच नियमाने चालतं. साध्या दराने दोन मुलांना त्यांच्या ग्रॉस पगाराच्या १६ टक्के लागतात, एका मुलाला १२. तुम्ही याबद्दल काही लिहिलं नाही म्हणून मी बेरजेत धरलं नाही.

आता दुसऱ्या बाजूने बघा. १८ ते २० वयाला २०२५-२६ चं किमान वेतन तासाला १० पाउंड. आठवड्याला साडेसदतीस तास केले तर महिन्याला १६२५, टॅक्स आणि नॅशनल इन्शुरन्स जाऊन हातात साधारण १४६०. म्हणजे त्यातले ४०० त्याने घरात दिले तर तुमचं घर आहे तिथेच राहतं आणि त्याच्या हातात हजाराच्या वर उरतात. हे मी त्याने कॉलेज सोडावं म्हणून सांगत नाहीये. पण "तू कॉलेज सोडलंस तर आपण रस्त्यावर येऊ" हे वाक्य त्याला ऐकवत असाल तर ते खरं नाही, आणि पोरांना ते आज ना उद्या कळतं.

अडचण कुठे होते सांगते. बेनिफिट जातं आईच्या खात्यातून आणि पगार येतो मुलाच्या खात्यात. मागे एक माय-लेक माझ्याकडे आले होते, आई रागात आणि मुलगा मोबाइलमध्ये. मी एका कागदावर डाव्या बाजूला आईचं आधीचं स्टेटमेंट आणि उजव्या बाजूला नंतरचं असं लिहिलं आणि कागद मुलासमोर सरकवला. तो बराच वेळ बघत राहिला, मग म्हणाला, "हे माझ्यामुळे कमी झाले?" त्याला वाटत होतं की आई उगाच पैसे मागतेय, कारण त्याच्या मित्राची आई मागत नाही. पुढे त्याने स्वतःच स्टँडिंग ऑर्डर लावली. त्या आईने तीन महिने तोंडी जे समजावलं ते त्या कागदाने दहा मिनिटांत केलं. आपल्याकडे मुलाकडून पैसे मागायचा संकोच असतो, मी समजू शकते, पण आकडे त्याच्यासमोर मांडाच.

जूनपर्यंत थांबवू का, या प्रश्नाकडे येते. नुसत्या पैशाने बघितलं तर फेब्रुवारी ते जून पाच महिन्यांचे बेनिफिटचे साधारण १८३८ पाउंड वाचतील, आणि त्याच पाच महिन्यांत तो ७३०० कमवेल. तेव्हा बेनिफिटसाठी थांबवा असं मी सांगणार नाही. पण कोर्स दीड वर्ष झालाय, राहिलेत चार-पाच महिने, आणि अर्धवट सोडला तर हातात ते पूर्ण सर्टिफिकेट नाही, आणि १९ नंतर तोच कोर्स फुकट करायला मिळेलच असं नाही. माझं स्वतःचं मत विचाराल तर पूर्ण करावा. त्याला पैसे हवेत का कॉलेज नको आहे हे आधी काढून घ्या. नुसते पैसे हवे असतील तर मधला रस्ता आहे. फुलटाइम कोर्स चालू ठेवून शनिवार-रविवारच्या शिफ्ट केल्या तर तुमचं चाइल्ड बेनिफिटही जात नाही आणि युनिव्हर्सल क्रेडिटमधला त्याचा भागही जात नाही, त्याची ती कमाई कुणी तुमच्यात धरत नाही. कोर्स आठवड्याला सरासरी १२ तासांहून जास्त शिकवण्याचा असला पाहिजे एवढंच. कॉलेजच्या बर्सरीबद्दलही विचारा, १६ ते १९ ची बर्सरी म्हणून असते, कमी उत्पन्नाच्या घरातल्या मुलांना बसच्या, पुस्तकांच्या खर्चाला मिळते, पण ती मागितल्याशिवाय कुणी आणून देत नाही.

जूनला कोर्स संपवून बाहेर पडण्याचा एक छोटा फायदाही आहे. ३० एप्रिलनंतर शाळा-कॉलेज संपवून बाहेर पडलेल्या २० च्या आतल्या मुलाला काउन्सिल टॅक्समध्ये १ नोव्हेंबरपर्यंत मोजत नाहीत, मग तो कामाला लागला असला तरी. म्हणजे तुमची २५ टक्के सूट उन्हाळाभर आणि ऑक्टोबर अखेरपर्यंत टिकते. जानेवारी-फेब्रुवारीत सोडलं तर ही सवलत नाही.

आणि तो सोडणारच असेल तर तारखांकडे नीट लक्ष द्या, कारण प्रत्येक ऑफिसचं घड्याळ वेगळं चालतं.

युनिव्हर्सल क्रेडिट तुमच्या असेसमेंट पीरियडवर (हिशेबाच्या ठरलेल्या महिन्यावर) चालतं, आणि बदल ज्या पीरियडमध्ये झाला त्याच्या पहिल्या दिवसापासून झाला असं धरतात. समजा तुमचा पीरियड १२ तारखेपासून पुढच्या ११ पर्यंत आहे. मुलाने १० फेब्रुवारीला कॉलेज सोडलं तर १२ जानेवारीपासूनच्या अख्ख्या महिन्याचे २९२.८१ गेले, जरी तो महिनाभर कॉलेजात जात होता तरी. १३ फेब्रुवारीला सोडलं तर तो महिना पूर्ण मिळतो. तीन दिवसांचा फरक आणि जवळजवळ तीनशे पाउंड. खोटी तारीख द्यायची नाही, कॉलेजकडे हजेरी असते, पण खरंच सोडायचं असेल आणि दोन-तीन दिवस इकडे-तिकडे चालणार असतील तर आधी तुमच्या स्टेटमेंटवरची तारीख बघा आणि मगच त्याला विड्रॉवलचा फॉर्म भरू द्या.

चाइल्ड बेनिफिट वेगळं. त्याला फेब्रुवारी, मे, ऑगस्ट आणि नोव्हेंबर या चार महिन्यांच्या अखेरी ठरलेल्या आहेत, कॉलेज सोडल्यानंतर जी पहिली येईल तिथपर्यंत पैसे येतात. १३ फेब्रुवारीला सोडलं तर फेब्रुवारीअखेर, ३ मार्चला सोडलं तर थेट मे अखेर. पण तो आठवड्याला २४ तास किंवा जास्त कामाला लागला की तिथेच थांबतं, किंवा त्याने स्वतःच्या नावाने युनिव्हर्सल क्रेडिट घेतलं तरी थांबतं. तुमच्या केसमध्ये तो लगेच फुलटाइम लागतोय म्हणून या शेपटाचा तुम्हाला फार उपयोग नाही. युनिव्हर्सल क्रेडिटला हे शेपूट नाहीच, त्यामुळे "चाइल्ड बेनिफिट अजून येतंय म्हणजे यूसीवालेही देतच राहतील" असं धरून चालू नका.

आणि कळवायचं दोघांना. चाइल्ड बेनिफिट एचएमआरसीचं (टॅक्सच्या सरकारी खात्याचं), युनिव्हर्सल क्रेडिट डीडब्ल्यूपीचं, काउन्सिल टॅक्स काउन्सिलचं, म्हणजे खरं तर तिघांना. माझ्याकडे आलेल्या एका बाईंनी एचएमआरसीला वेळेवर फोन केला होता, त्यांना वाटलं सरकार एकच आहे तर कळलं असेल. युनिव्हर्सल क्रेडिटच्या ऑनलाइन अकाउंटवरच्या जर्नलमध्ये काही लिहिलं नाही. पैसे येत राहिले, त्या खर्च करत राहिल्या, आणि पुढच्या उन्हाळ्यात एकदम वसुलीचं पत्र. युनिव्हर्सल क्रेडिटमध्ये जास्तीचे गेलेले पैसे चूक कुणाचीही असली तरी परत मागू शकतात, वर हलगर्जीपणाचा ५० पाउंड दंड वेगळा लागू शकतो. एप्रिल २०२५ अखेरपासून अशा वसुलीच्या हप्त्यांना एकंदर स्टँडर्ड अलाउन्सच्या १५ टक्क्यांची मर्यादा केली आहे, तुमच्या बाबतीत महिन्याला ६० पाउंड, पण ते साठसुद्धा वर्ष-दीड वर्ष जात राहतात तेव्हा जाणवतात.

उलटही होतं. मुलगा शिकत असतो आणि पैसे बंद होतात, कारण उन्हाळ्यात एचएमआरसीचं पत्र येतं, मूल सप्टेंबरपासून शिकणार आहे का म्हणून, आणि ते पत्र पिझ्झाच्या पत्रकांबरोबर कचऱ्यात जातं. युनिव्हर्सल क्रेडिटच्या अकाउंटवरही त्याच सुमाराला तसाच एक टू-डू येतो. तुमच्या मुलीच्या वेळी, ती १६ ची होईल त्या उन्हाळ्यात, ३१ ऑगस्टच्या आत दोन्हीकडे "हो, शिकणार आहे" कळवा. चुकीने बंद झालंच तर एक महिन्याच्या आत मँडेटरी रीकन्सिडरेशन (निर्णयाचा फेरविचार) मागायचं, कॉलेजचं पत्र जोडून.

आता एक दार उघडं आहे ते सांगते. तुमचा मुलगा येत्या नोव्हेंबरात १९ चा होईल. त्याने आता सोडलं, सहा महिने वेअरहाऊसमध्ये पाठ मोडली आणि सप्टेंबरला त्याला परत जावंसं वाटलं (असं होतं, फार वेळा बघितलंय, रात्रपाळीसारखा मास्तर नाही) तर १९ व्या वाढदिवसाच्या आत कोर्स सुरू झालेला किंवा ॲडमिशन पक्की झालेली असली की तो तुमच्या क्लेममध्ये परत येतो. युनिव्हर्सल क्रेडिटमध्ये १९ व्या वाढदिवसानंतरच्या ३१ ऑगस्टपर्यंत, चाइल्ड बेनिफिट २० पूर्ण होईपर्यंत, अर्थात कोर्स चालू असेपर्यंतच. वाढदिवसानंतर नाव घातलं तर तोच कोर्स असला तरी नाही. तेव्हा हा नोव्हेंबर कॅलेंडरवर लाल पेनाने लिहून ठेवा.

ॲप्रेंटिसशिपचं तुम्ही शेवटी विचारलंय. शिक्षण आहे, पण बेनिफिटच्या दृष्टीने ती नोकरी. तो त्यात गेला की तुमच्या क्लेममधून बाहेर, चाइल्ड बेनिफिटही बंद. २०२५-२६ चा दर पहिल्या वर्षी तासाला कमीत कमी ७.५५, तीस तास धरले तर आठवड्याला २२६.५०. काउन्सिल टॅक्समध्ये ॲप्रेंटिसला मोजत नाहीत असं इंटरनेटवर वाचाल, पण त्याला आठवड्याला १९५ पाउंडांची मर्यादा आहे आणि ती इतकी मागे राहिलीय की किमान वेतनावर पूर्ण तास करणाराही तिच्या वर जातो. तरीही धंदा शिकून निघत असेल तर मला स्वतःला वेअरहाऊसपेक्षा हे बरं वाटतं, पण तो त्याचा निर्णय.

युनिव्हर्सिटीबद्दलही आपल्या लोकांत मोठा गैरसमज आहे म्हणून लिहिते. पोरगा शिकतोच आहे म्हणजे पैसे चालू राहणार, असं वाटतं. नाही. डिग्री या नियमांत धरत नाहीत, लेव्हल ३ पर्यंतच. युनिव्हर्सिटीत गेला की बेनिफिटमध्ये तो कामाला लागलेल्या मुलासारखाच बाहेर. फरक एवढाच की फुलटाइम स्टुडंट म्हणून काउन्सिल टॅक्समध्ये त्याला मोजत नाहीत, सूट टिकते, आणि त्याला स्वतःचं मेंटेनन्स लोन मिळतं, घरी राहून शिकला तर २०२५-२६ ला जास्तीत जास्त ८८७७, तेही घरचं उत्पन्न कमी असेल तर. ते लोन त्याचं, तुमच्या क्लेममध्ये येत नाही. हॉस्टेलला गेला तर खोलीचा प्रश्न येतो, किती महिने सलग बाहेर राहणार आणि घर त्याचं मुख्य घर आहे का यावर ठरतं, तेव्हा जायच्या आधी जर्नलमध्ये विचारून लेखी उत्तर घ्या.

मुलाला पीआयपी किंवा मुलीला डीएलए (दोन्ही आजारपण-अपंगत्वाचे भत्ते) असं काही असेल तर वरचं सगळं गणित बदलतं, तुम्ही काही लिहिलं नाही म्हणून नाही असं धरलं. असेल तर कॉलेज सोडण्याआधी सिटिझन्स ॲडव्हाइसमध्ये (फुकट सल्ला देणाऱ्या संस्थेत) जाऊन या.

आता जे तुम्ही विचारलं नाही ते. मुलगा बाहेर पडल्याचा धक्का तुम्ही सोसाल, त्याला पगार असणार आहे. मला काळजी मुलीच्या वेळची वाटते. ती आज १४ ची, चार-पाच वर्षांत ती बाहेर पडेल तेव्हा क्लेममध्ये एकही मूल उरणार नाही. मग फक्त तिचे ३३९ जात नाहीत. वर्क अलाउन्स मूल असलेल्यांना (किंवा आजारपणामुळे काम करण्याची क्षमता कमी ठरलेल्यांना) असतो, तोही जातो, म्हणजे तुमच्या पगारावर पहिल्या पाउंडापासून ५५ टक्के कापायला लागतात. त्याच २०२५-२६ च्या दराने हिशेब केला तर ४००.१४ आणि ५२० मिळून ९२०.१४, त्यातून हजाराचे ५५ टक्के ५५० वजा, हातात ३७०.१४. आज १२२८, मुलगा गेल्यावर ९३५, मुलगी गेल्यावर ३७०. चाइल्ड बेनिफिटचे महिन्याचे ११३ गेले ते वेगळेच. आणि साधारण त्याच सुमाराला मुलगा २१ चा होऊन गेलेला असेल, घरात असेल तर त्याचे ते ९३.०२ कापणं सुरू झालेलं असेल. बेनिफिट कॅपही (एकूण बेनिफिटवरची कमाल मर्यादा) मुलं असताना लंडनबाहेर महिन्याला १८३५ असते ती एकट्या माणसाला १२२९.४२ वर येते, पण तुमची कमाई महिन्याला ८४६ (२०२५-२६ चा आकडा) च्या वर आहे तोवर कॅप तुम्हाला लागतच नाही, म्हणून कामाचे तास त्याच्या खाली जाऊ देऊ नका.

हे घाबरवायला नाही लिहिलं. चार वर्षं हातात आहेत. केअर होममध्ये सीनियरच्या जागा निघतात, एनव्हीक्यू लेव्हल ३ करून पगार वाढतो, तास वाढवता येतात. आता अजून वर्क अलाउन्स आहे तोवर वाढवलेल्या प्रत्येक पाउंडातले ४५ पेन्स तुमच्याकडे राहतात, नंतरही तेवढेच राहतील, पण तोवर सवय आणि सीनियॉरिटी झालेली असेल. माझ्याकडे येणाऱ्या बायका पहिलं मूल बाहेर पडतं तेव्हा धावत येतात आणि दुसऱ्याच्या वेळी निवांत असतात की गेल्या वेळी चारशेच गेले होते. तिथे फसतात.

मुलाने खरंच सोडलं तर जर्नलमध्ये लांबण लावायची गरज नाही. "रिपोर्ट अ चेंज" मध्ये जाऊन मुलाचं नाव, कॉलेजचा शेवटचा दिवस, काम सुरू झाल्याची तारीख आणि तो याच पत्त्यावर राहतो एवढं लिहा. तो याच पत्त्यावर राहतो हे वाक्य विसरू नका, नाहीतर सिस्टीम तो घरातून गेला असं धरते आणि खोलीचे चौदा टक्के कापून मोकळी होते, मग ते दुरुस्त करायला फोनवर तासभर ती पेटीसारखी ट्यून ऐकत बसा. काउन्सिलला त्याच दिवशी ईमेल करा, ईमेलची प्रत ठेवा.

तुमच्या असेसमेंट पीरियडची तारीख, तुम्हाला काउन्सिल टॅक्स सवलत मिळते का, आणि मुलाच्या वडिलांकडून मेंटेनन्स येतं का एवढं इथे टाका, नाव-पत्ता नको. कोर्सच्या ऑफर लेटरवर आठवड्याचे तास लिहिलेले असतात तेही बघून सांगा. मी पक्की बेरीज करून देते, आणि तो कागद मग मुलासमोर ठेवा.